चुन्याची तीट

अख्ख्या सिंधुदुर्गात माणसांपेक्षा गुरांशी ज्याची जास्त ओळख आहे असा एकच गृहस्थ आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू आहे. मी मालवणात तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझ्याकडे डिप्लोमा आहे. साडूंकडे काय आहे? तळेऱ्याजवळ काजूची बाग आणि पडवीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत म्हशी. "घरात माझो एक फोटो नाय, आणि लोकांच्या म्हशी भिंतीर!" असं माझी मेव्हणी येईल त्याला ऐकवते. तरी सगळे त्यांना चित्रकार म्हणतात आणि मला मास्तर. मी काढलेले समुद्र लोक बघतात, 'छान' म्हणतात आणि चहा मागतात. साडूंवर मी जळतो हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जिल्ह्यात कुठेही कृषी प्रदर्शन भरलं की साडू पहिल्या एसटीने हजर. पॉवर टिलर, आंब्याची कलमं, पुढाऱ्यांची भाषणं, कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. थेट गुरांचा मांडव. एकदा उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांनी नमस्कारासाठी हात जोडले, तर साडू त्यांना वळसा घालून मागच्या रेड्याला "काय रे, बरो मा?" म्हणून विचारायला गेले. खिशात कायम गुरांसाठी केळ्याच्या साली. माझ्या मुलाच्या लग्नात पंगत उठल्यावर साडू पानापानावरून साली गोळा करत फिरत होते. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "बायकोकडचे."

चित्र काढायची त्यांची तऱ्हा तर डोकं फिरवणारी. कागद काढायच्या आधी अर्धा दिवस नुसता गप्पांत जातो. हिची आई कोणाची, ही कशाला बिचकते, दूध काढताना कोणाचा हात चालतो, कोणाचा नाही. मी घाई केली की म्हणतात, "पयली ओळख होवंदे, मगे काढतंय." चित्र झालं की मालकांना धास्ती वाटते, कारण चांगल्या दुभत्या जनावराचं कोणी कौतुक केलं तरी आपल्याकडे दृष्ट लागायची भीती. त्यावर साडूंनी तोड काढली आहे. चित्रातल्या म्हशीला तीट लावायची. पण काळ्या म्हशीवर काळी तीट दिसणार कशी? म्हणून मालकाच्याच पानाच्या डब्यातला चुना, मालकाच्याच बोटाने. गुरांच्या मांडवात आता हा रिवाजच पडला आहे. ज्या चित्राला मालकाने चुना लावला, ते चित्र खरं.

दोन वर्षांपूर्वी कुडाळच्या प्रदर्शनाला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे. आसपासच्या खेड्यातली एक काकी आपली गंगी नावाची म्हैस घेऊन आली होती. आम्ही दोघांनी तीच काढायला घेतली. माझी म्हैस तासाभरात तयार. शिंगांचा बाक, पोटाचा उतार, सावली, सगळं शास्त्रशुद्ध. साडूंच्या म्हशीचा एक पाय तर चक्क आखूड. काकीने साडूंच्या चित्राकडे बघितलं मात्र, तिचा चेहरा फुलला. "अगो बाय, गंगी माझी!" म्हणत तिने चुन्याचं बोट टेकवलं. मी माझं चित्र पुढे केलं. काकीने ते सरळ धरून बघितलं, तिरकं धरून बघितलं आणि परत दिलं. "म्हस बरी आसा हो मास्तर. पण हिका चुनो नको. हिका कोणाची दिष्ट लागतली?"

त्या दिवसापासून माझी रात्रीची झोप आणि सकाळचा चहा, दोन्ही बिघडली. मला बक्षीस नको होतं, प्रदर्शन नको होतं. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी माझ्या चित्राला चुना लावायला हवा होता.

यंदा साडूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना अंथरुणाला खिळवलं. बातमी ऐकून मला वाईट वाटलं. पण कुडाळचं प्रदर्शन त्याच आठवड्यात आहे हे आठवल्यावर तितकंसं वाटेना, हेही खरं. बायकोला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि निघालो. मांडवात पाय ठेवल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "चित्रकार खंय?" काकी यंदाही गंगीला घेऊन आली होती, मी तिथेच कागद उघडला. काकीला ऑपरेशनचं सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. मग ती साडूंबद्दल बोलत राहिली. एका पावसात गंगी आजारी पडली, तेव्हा साडू तीन एसट्या बदलून तिला बघायला आले होते. गंगीला पत्र्याच्या आवाजाची भीती वाटते, हेसुद्धा त्यांनीच ओळखलं होतं. ऐकता ऐकता माझा हात चालत होता, कागदाकडे माझं लक्षच नव्हतं. शेवटी काकी वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि तिने पानाचा डबा उघडला.

ते चित्र घेऊन मी घरी नाही, सरळ तळेऱ्याला गेलो. कधी एकदा साडूंच्या नाकासमोर धरतो असं झालं होतं. साडू पडवीत उशीला टेकून बसले होते. त्यांनी चित्र बघितलं, चुन्यावर नजर गेली आणि चेहरा एवढासा झाला. "माका न सांगता गेलात?" एवढंच म्हणाले. साडूंना माझा हेवा वाटावा म्हणून मी इतकी वर्षं झुरलो, आणि आता तो समोर दिसत असताना मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी पांघरूण उगाच सारखं केलं आणि विचारलं, "माका कोणी इचारल्यानी?"

सगळ्या मांडवाने विचारलं होतं. पण मी म्हणालो, "गर्दी फार होती हो." साडूंनी मान डोलावली आणि ते भिंतीवरच्या म्हशींकडे बघत राहिले.

त्याला आता तीन आठवडे होतील. सगळ्यांनी विचारलं होतं, ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, समोर बसूनच सांगायला हवी. तेवढ्यासाठी मी दोनदा मालवणच्या स्टँडवर गेलो, तळेऱ्याची गाडी सुटताना बघितली आणि घरी परत आलो.