ड्युरियनचा वास

निवृत्त रोसली मास्तर ताइपिंगच्या शोरूममध्ये नव्या गाडीत बसून बघत होते. लेक अझलिना म्हणाली, "बाबा, आता तरी त्या जुन्या डबड्याचा नाद सोडा!"

त्या डबड्यात मास्तरांची बायको मैमुना दर हंगामाला उग्र वासाच्या ड्युरियन फळांची पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि मास्तर घर येईपर्यंत करवादायचे, "अगं, डिकीत टाक ना ते!"

विक्रेता अदबीने म्हणाला, "मास्तर, एकच सांगतो. हिच्यात ड्युरियन तेवढं आणू नका. वास जन्मात जायचा नाही."

"थापा मारू नकोस!" मास्तर उसळले. "हिची आई जाऊन तीन वर्षं झाली. रोज काचा लावून बसतो मी त्या गाडीत. गेला वास."