सुदेशच्या नावाचं पुष्प

देवाची भांडी अर्धीच घासून झाली होती. निरांजन आणि तांब्या लखलखीत, ताम्हन अजून काळंच, चिंचेच्या कोळात पडलेलं. तेवढ्यात शेजारची क्षिप्रा दारात आली. हातात व्याख्यानमालेचं पत्रक, पण पाऊल काही उंबऱ्याच्या आत पडेना.

"काकू, हे बघितलंत का तुम्ही?"

विमलाबाईंनी पदराला हात पुसून चष्मा लावला. पहिलं पुष्प अर्थकारणाचं, दुसरं संगीताचं. तिसरं आजचं, 'सामान्य माणूस आणि कायदा'. आणि त्याखाली जाड अक्षरांत: कै. सुदेश महिपत म्हसकर स्मृतिप्रीत्यर्थ.

त्यांचं बोट त्या 'कै.'वर टेकलं.

मानपाड्याच्या या मालेत प्रत्येक व्याख्यानाला पुष्प म्हणतात, आणि ते कुणाच्या तरी नावाने गुंफतात. विमलाबाई वर्षानुवर्षं वक्त्यांसाठी घरून चहा नेत. त्यांचा सुदेश खुर्च्या लावायचा, माइक जोडायचा, आणि विषय कायद्याचा असला की पहिल्या रांगेत बसून वक्त्याला भंडावून सोडायचा. वकिलीच्या परीक्षेत तो पुन्हा नापास झाला, बाप चार माणसांत टाकून बोलला, आणि गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर पोरगं घर सोडून गेलं. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, देवीला नवस बोलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी विमलाबाईंनी मनाशी धरलं, कुठेही असला तरी मालेचं पत्रक तो बघणारच. त्यात आपलं नाव दिसलं की आई वाट बघतेय हे त्याला कळेल. म्हणून त्या मंडळाच्या आबांना सांगून आल्या होत्या, "यंदा एक पुष्प आमच्या सुदेशच्या नावाने ठेवा."

भांडी तशीच टाकून त्या सभागृहाकडे धावल्या. बाहेरच्या फळ्यावर आबा खडूने तेच नाव लिहीत होते. विमलाबाईंनी तळहाताने 'कै.' पुसून टाकलं.

"अहो विमलाताई, हे काय करताय?"

"माझा पोरगा जिवंत आहे, आबा."

आबांच्या हातातला खडू तसाच राहिला. "अहो, नावाने पुष्प म्हणालात ना तुम्ही? आमच्याकडे नावाने म्हटलं की 'कै.' आणि 'स्मृतिप्रीत्यर्थ'... साचाच तो छपाईचा. मला वाटलं, काही कळलं असेल तुम्हाला. विचारायचं तरी कसं?" मग घसा खाकरून म्हणाले, "आणि असं बघा, जित्या माणसाची अशी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"आयुष्य वाढू दे हो. पण तो हे वाचेल ना! आईने आपल्यावर पाणी सोडलं, असंच म्हणेल तो."

आबांनी मान खाली घातली. "छापण्याआधी मी महिपतरावांना दाखवलं होतं. वाचून 'ठीक आहे' म्हणाले."

विमलाबाई तडक घरी आल्या. नवरा बाहेर गेलेला. तो परस्पर सभागृहातच आला, संध्याकाळी.

तोवर सभागृहात बायका विमलाबाईंचा हात दाबून जात होत्या. "कळलं हो. धीर धरा." आबांनी माइकवरून छपाईतली चूक झाल्याचं सांगितलं, पण ते असं चाचरत, की आडनावात काहीतरी चुकलं असावं असंच लोकांना वाटलं. व्याख्यानाला आलेल्या वकीलबाई छान बोलल्या. मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा होऊ लागल्या. विमलाबाईंनी चिठ्ठी लिहिली नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"बाई, घरातून निघून गेलेला माणूस मेला, असं कायदा कधी म्हणतो?"

वकीलबाईंना वाटलं, वारसाहक्काचं काही असेल. "ज्यांना त्याची खबर लागायला हवी, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर कोर्ट तसं मानू शकतं."

"आणि त्याच्या आधी?"

"नुसता दिसत नाही म्हणून मेला, असं नाही मानत."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? माझा सुदेश कैलासवासी नाही."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. ती एकटीच पडली. महिपतराव चपलांकडे बघत बसले होते.

घरी जाताना विमलाबाईंनी विचारलं, "छापायच्या आधी वाचलंत तुम्ही?"

"वाचलं."

"कै. दिसलं नाही?"

"दिसलं." महिपतराव थांबले. "मला ते चूक वाटलंच नाही गं. रोज दाराकडे कान लावून पडायचं, कुठे बेवारस प्रेत सापडलं की बघायला जायचं. कुणीतरी एकदाचं लिहून टाकलं, बरं झालं, असं वाटलं."

विमलाबाईंना वाटलं, ओरडावं. पण हा माणूस त्यांच्याआधीच आतून मोडला होता, आणि मोडक्यावर आणखी काय आपटायचं?

"किती पुसशील तू?" महिपतराव म्हणाले. "पत्रकं ठाण्यापर्यंत गेलीत. बाळकुमला बंटीच्या सोसायटीतही लावलंय, आबाच सांगत होते."

बंटी हा सुदेशचा कॉलेजातला मित्र. सुदेशने उद्या कुणाला फोन केलाच, तर त्यालाच करणार. घरी यायची भीती वाटली, तर त्याच्याकडेच जाणार.

"फळ्यावर लावलंय की लिफ्टपाशी?" विमलाबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

त्या पुढे चालू लागल्या. सकाळची पूजा उरकली की बाळकुमला जायचं, बंटीच्या सोसायटीतलं पत्रक काढायला.