पट्टी लावलेलं झाड

गावचे जमीनदार, म्हणजे सरकार, यांच्या बागेतल्या माळीबुवांना सगळे शंकासुर म्हणत. घरी दूध उतू गेलं तरी यात कुणाचा तरी हात आहे, असं म्हणणारा माणूस! पण त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. सरकारांनी गावाला शाळा बांधून दिली, तेव्हा मागचं चराईचं रान गुपचूप कुंपणात घेतलं. तलावाकाठची झाडं तुटणार नाहीत असा शब्द दिला, आणि आठवड्याभरात त्याच खोडांवर चुन्याचे पट्टे उमटले. खूण केलेल्या झाडावर कुऱ्हाड पडते, हे माळीबुवा चाळीस वर्षं बघत आले होते.

आता सरकारांना विज्ञानाचा पुळका आला होता. अर्धी बाग विद्यापीठाला, वर प्रयोगशाळाही बांधून देणार. देणगीच्या समारंभात मांडवात ते म्हणाले, "पट्टी लावलेली झाडं अभ्यासासाठी राहतील. बाकीच्या जागेवर इमारत होईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळीबुवांनी हात पाठीमागे धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या प्राध्यापकबाईंनी पत्र्याच्या पट्ट्या लावल्या. एक नेमकी विहिरीजवळच्या झाडाला. त्याला एका अंगाला लिंबं लागत, दुसऱ्या अंगाला संत्री. ते कलम माळीबुवांच्या बायकोने बांधलेलं. ती गेल्यापासून ते रोज तिथे बसत. पट्टी बघून त्यांना तलावाकाठचे चुन्याचे पट्टे आठवले.

"बाबा, शिकलेली माणसं आहेत ती," मुलगी म्हणाली. "खोटं कशाला बोलतील?"

"शिकलेली आहेत गं, पण पैसा कुणाचा? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी."

त्याच संध्याकाळी त्यांनी पक्कडीने पट्टी काढली आणि शेजारच्या वठलेल्या पेरूला लावली. सरकारांवर मात केली म्हणून मनातून खूशही झाले.

लाकूडतोडे आले त्या सकाळी माळीबुवा रोपं आणायला गेले होते. परतले तर विहिरीवर कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलेलं. प्राध्यापकबाई पेरूसमोर वही धरून उभ्या होत्या.

"माळीबुवा, ते दोन फळांचं झाड कुठे गेलं? त्याच्यासाठी तर मी इमारतीची भिंत सरकवून घेतली. सरकार लगेच हो म्हणाले."

माळीबुवा तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी खाली बसले. त्यांना रडूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

"ते कलम कुणी बांधलं होतं?" बाईंनी हळूच विचारलं. "झाडाखाली नावाची पाटी लावायची होती."

माळीबुवांनी बायकोचं नाव सांगितलं. मग पट्टी कुणी काढली, तेही सांगितलं.