कस्तुराबाईचं सुख

भाज्यात कुणाचे दिवस भरत आले की आधी आठवण व्हायची ती कस्तुराबाईची. भाजे, पाटण, मळवली आणि वर लोहगडवाडी, एवढ्या मुलखाची ती सुईण. निरोप आला की चुलीवरचा तवा खाली ठेवून निघायची. वाडीच्या वाटेवरचा गायमुख खिंडीचा चढ ती तोंडात पान घोळवत चढायची आणि बोलवायला आलेला गडी मागं धापा टाकत यायचा. पन्नाशी उलटली तरी पायाला भिंगरी. नवरा लवकर गेला, पण मुलगा आणि मुलगी तिनं याच पायांवर वाढवली.

मुलगा हौशीराम लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा गडी, म्हणून चिकटला आणि पुढं फिटर झाला. पोरगा गुणाचा. पण गुणाच्या पोरांनाच आईबापाला सुख द्यायची घाई फार. आणि सुख म्हणजे काय, तर बसणं! हे आपल्याकडे कुणी ठरवलं देव जाणे. म्हातारं माणूस ओसरीवर बसलं की मुलाचं नाव होतं, आणि तेच बांधावर दिसलं की मुलाची अब्रू जाते.

"आये, लय राबलीस," हौशीराम म्हणाला. "आता कुनाच्या बाळंतपणाला जायाचं न्हाई. फिटरची आय डोंगरानं हिंडती, बरं दिसतं व्हय?"

तुंगार्लीच्या एका बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याची वेताची आरामखुर्ची हौशीरामनं घेतली आणि बैलगाडीत घालून भाज्यात आणली. अख्खा गाव बघायला लोटला. कस्तुराबाई आधी लाजली, मग बसली. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. सून पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देई आणि बाया म्हणत, "नशीब काढलंस, कस्तुरा!" असलं ऐकायला कुणाला आवडत नाही?

पहिल्या वर्षी अंगावर मांस चढलं, ते सगळ्यांना सुखाचंच वाटलं. पुढं लोंबते पाय संध्याकाळी सुजायला लागले. बोटानं दाबलं तर खळगा पडे. गुडघे धरले, उठताना मांड्या थरथरू लागल्या, परसात जाऊन आलं तरी दम लागू लागला. हौशीरामनं तिला लोणावळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "बसून बसून पाय गेलेत हो. रोज थोडं थोडं चालवा, घरातली कामं करू द्या." हौशीराम भडकला. औषध द्यायचं सोडून म्हातारीला राबवा म्हणतो! त्यानं दुसरीकडून तेल आणलं आणि बसल्या जागी आईचे पाय चेपायला बायकोला लावलं.

कस्तुराबाईला कळत नव्हतं असं नाही. कळा सुरू झालेल्या बायांना "चाल पोरी, बसू नगंस" म्हणत तिनं जन्मभर अंगणात फिरवलं होतं. पण मुलाचं मन कसं मोडायचं? आणि खुर्चीतून उठायचं तिच्याही जिवावर यायला लागलं होतं.

लेक रतन लोहगडवाडीला दिलेली. तिचं दुसरं मूल आडवं आलं होतं. कस्तुराबाईनं पोटावरून हात फिरवत ते सरळ केलं आणि मायलेकरं दोघं वाचली. आता तिसऱ्या वेळी भात कापणीला आलेलं, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून रतन माहेरी आली नाही. तिनं निरोप पाठवला, "वेळेला तूच ये, आये." कस्तुराबाईनं "येते" म्हणून उलटा निरोप धाडला. आपले पाय गेलेत हे लेकीला कळवायची तिला लाज वाटली. एवढी एक लाज तिनं गिळायला हवी होती.

मग एका सकाळी जावई भिमाजी धावत आला. "मामी, बिगी बिगी चला. मूल पुन्ना आडवं हाय."

हौशीराम कामावर गेला होता. कस्तुराबाई तशीच निघाली. गावाची वेस ओलांडेपर्यंत निभावलं. चढ लागला आणि पायांनी दगा दिला. थोडं चढावं, दगडावर टेकावं, पुन्हा उठताना भिमाजीनं ओढावं. त्यानं तिला पाठीवर घेतलं, पण ते अंग घेऊन त्यालाही चढवेना.

"तू हो म्होरं," ती रडत म्हणाली. "तिला सांग, मी आली म्हनून. मानसं धाड मला उचलायला."

भिमाजी पळाला. ती मागून हातांवर रांगत निघाली. लुगडं फाटलं, गुडघे सोलले, आणि खिंडीच्या तोंडाशी तिचा दम संपला. वाडीतली माणसं घोंगडी घेऊन आली, तिला झोळीत घालून घेऊन गेली. दारात पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. रतन गेली होती. मूलही गेलं होतं.

शेजारची अंबूबाई रतनच्या उशाशी बसून होती. कस्तुराबाईनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. आता फिरवायचं काही राहिलं नव्हतं.

"काय म्हनली का गं?" तिनं विचारलं.

अंबूबाईनं पदरानं डोळे पुसले. "सारखी इचारत व्हती, आय कुटं पोचली. मी म्हनलं, खिंडीत बसलीया. तर तेवढ्या कळांतबी हसली बघ. म्हनली, 'खोटं बोलतीस, मावशे. माझी आय आन् वाटंत बसंल?'"