डिंकाचे लाडू आणि युसुफचे तंबू

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आईला तर नाहीच — आणि तिला ती कधी कळू नये अशी माझी इच्छा होती, आजही आहे. ज्याला कळायला हवी होती, तो माणूस रोज माझ्याबरोबर जेवतो. त्यालाही मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. आणि ते अभिमानानंच सांगणार, कारण मला लाजत बोलायला येत नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझे वडील इथेच आखातात, अबुधाबीजवळच्या मुसफ्फात, वेल्डिंगच्या शॉपमध्ये राबले. त्यांना सही करता यायची, तेवढंच. मी चिपळूणला कॉलेज केलं, डिग्री घेतली आणि त्याच वाळवंटात आलो — पण हातात हेल्मेट नव्हतं, गळ्यात ऑफिसचं कार्ड होतं. वडिलांनी ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि शर्टाला पुसून परत दिलं. ते मी विसरत नाही.

माझं काम दुबईत, रास अल खोरच्या पुढे एका मोठ्या गोदामात. कुठे भूकंप झाला, पूर आला, युद्ध पेटलं, की जगभरातून मदत आमच्याकडे येते आणि आमच्याकडून विमानानं जाते. पाण्याचे फिल्टर एका खंडातून, औषधं दुसऱ्यातून, तंबू तिसऱ्यातून. फोर्कलिफ्टवर केनियाचा माणूस, पॅकिंगला फिलिपिनो मुली, औषधं तपासायला सिरियाचा डॉक्टर, आणि सगळ्यांच्या वर जॉर्डनच्या रीम मॅडम, ज्या रागावल्या की अरबीत आणि खूश झाल्या की हिंदीत बोलतात. आमचा एक नियम आहे. गोदामात आलं की कुणाचाही झेंडा, कुणाचंही नाव खोक्यावर राहत नाही. सगळ्यांवर एकच पांढरं स्टिकर. टीव्हीवर मोठे लोक गोल टेबलाभोवती बसून जगानं एकत्र यायला हवं म्हणतात ना — आमच्याकडे ते एकत्र येणं मी घामानं भिजलेलं बघतो. यल्ला, यल्ला — चला, चला — करत. मला या कामाचा गर्व आहे. होता, आहे, राहील. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा. कारण चूक या गर्वातच होती.

एका हिवाळ्यात एका डोंगराळ देशात भूकंप झाला. देशाचं नाव लिहीत नाही. युसुफचा देश. युसुफ आमच्याकडे तंबूंचा विभाग सांभाळायचा. वयानं माझ्याएवढाच, दाढी पांढरी, हिंदी माझ्यापेक्षा गोड. त्याची बहीण आणि तिची मुलं एका शाळेच्या मैदानात उघड्यावर होती. हे मला माहीत होतं. त्यानंच सांगितलं होतं, तंबू मोजता मोजता — "भाई, इन में से एक तो मेरी बहन को मिलेगा, इन्शाल्ला." हे मला माहीत होतं, म्हणून परत लिहितोय. नंतर मी असं म्हणू नये की मला कल्पना नव्हती.

त्याच वेळी मी आमच्या मराठी मंडळाला या कामात आणलं. त्याआधी आमच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. गणपतीत हजार माणसं जेवायला घालणारं मंडळ, पण जगाच्या कामात कुठे नाही — हे मला खुपायचं. मी रीम मॅडमच्या मागे लागलो. त्या म्हणाल्या, "ठीक है, ब्लँकेट दो. सिर्फ ब्लँकेट. घर का खाना नहीं, कुछ नहीं. एक भी गडबड, तो खलास." मी छाती ठोकून हो म्हटलं.

ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये आम्ही खोकी भरली. साइटवरची पोरं, ऑफिसातले साहेब, लेबर कॅम्पमधून आलेले माझ्या वडिलांचे जुने सोबती — सगळे एका रांगेत. आई तेव्हा व्हिजिटवर आली होती. ती मंडळातल्या सावंत काकूंबरोबर स्वयंपाकघराच्या बाजूला बसून होती आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होती. एक खोकं भरलं, मी ते काट्यावर ठेवलं, वजन घेतलं, एकूण खोक्यांशी गुणलं. झालं आमचं वजन. मग मी टेम्पो बघायला खाली गेलो. तो ड्रायव्हर भलत्याच गेटवर उभा होता. परत आलो तेव्हा सगळी खोकी टेप लावून तयार होती आणि बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं ना?

कळलं घरी जाताना, गाडीत. माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, आजी पुट लाडूज इन एव्हरी बॉक्स! इट वॉज लाइक अ सीक्रेट मिशन!"

मी गाडी बाजूला घेतली. "आई?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "डिंकाचे आहेत. थंडीचे. चार दिवस सगळ्याजणी घरोघरी वळत होत्या. सावंतीण म्हणाली, एकेक डबा ठेवू."

"अगं, फक्त ब्लँकेट सांगितलं होतं!"

"ब्लँकेट काय खातात का? बाळंतिणी असतील तिथे, पोरं असतील. आपण कुणाला रिकामं भांडं परत करत नाही आणि एवढ्या लांब नुसतं कापड पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

मी हसलो. खरं सांगतो — मला रागही आला नाही. मला आईचा अभिमान वाटला. परक्या देशातल्या बाळंतिणीचा विचार करणारी माझी आई, जी कधी शाळेत गेली नाही. जगाला हे कुणी शिकवत नाही, असं मनात आलं. खोकी सकाळी उघडावी लागतील, हेही मनात आलं. पण सगळी खोकी उघडायची, रीम मॅडमना सांगायचं, मंडळाच्या अध्यक्षांना सांगायचं… उद्या बघू म्हटलं. सकाळी खोकी तशीच गोदामात आली. तिथे परत वजन करायची पद्धत होती. मी केलं नाही. आपल्याच माणसांची खोकी, आपलाच आकडा. तोच लिहिला.

दुसऱ्या दुपारी आमची ब्लँकेट आणि युसुफचे तंबू एकाच ट्रकवर चढले. खोकी लाकडी पाटावर रचून, वरून प्लास्टिक गुंडाळून त्याचा एक ठोकळा करतात — त्याला आम्ही पॅलेट म्हणतो. आमचं एक, त्याचं एक. बाकीचा माल आधीच विमानतळावर पोचला होता. ट्रक गेटवरच्या मोठ्या वजनकाट्यावर चढला आणि काट्यानं सांगितलं — माल कागदापेक्षा जड आहे. बराच जड.

एरवी चाललं असतं. पण तिथली धावपट्टी लहान, डोंगरातली. विमान वजनाच्या बाबतीत एक किलोही जास्त ऐकणार नव्हतं. निघायची वेळ ठरलेली, ती चुकली तर उड्डाणच रद्द. पॅलेट फोडून परत रचायला वेळ नव्हता. दोनातलं एक उतरवायचं, एवढंच शक्य होतं. आणि आमची पद्धत अशी — ज्याचं वजन चुकलं, त्याचा माल उतरतो.

रीम मॅडमनी विचारलं, "किसका नंबर गलत है?"

युसुफ आणि मी शेजारी शेजारी उभे होतो.

आता बघा — मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकतो. म्हणणार नाही. पुरेसा वेळ मिळाला. मंडळाचे अध्यक्ष कॅमेरा घेऊन गेटपाशी उभे होते, ते मला दिसत होते. खोकं उघडलं की लाडू निघणार, हे दिसत होतं. "एक भी गडबड, तो खलास" ऐकू येत होतं. आई घरी फोनची वाट बघत असेल, विमान उडालं का, हे दिसत होतं. आणि युसुफची बहीण? तीही दिसत होती. हो. शाळेच्या मैदानात. सगळं दिसत असताना मी म्हणालो —

"मॅडम, टेंट के पोल और खूंटे अलग से आए थे. शायद युसुफ भाई ने उनके बिना तौला होगा."

शायद. असेल कदाचित. खोटं बोलायचा किती सभ्य शब्द! आणि बोलतानाचा माझा आवाज — पदवीधराचा, शांत, मदत करणारा.

युसुफ भांडला नाही. तो भांडला असता तर बहुतेक माझं खोटं तिथेच पडलं असतं. त्यानं कपाळावर हात ठेवला, आठवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, "मैंने तो मिलाके तौला था… पर दो दिन से सोया नहीं हूँ, भाई. हो सकता है. मेरी ही गलती होगी." मग त्यानं स्वतः केनियाच्या माणसाला हात करून सांगितलं, तंबू उतरव.

फोर्कलिफ्ट पुढे आली. तंबू उतरले. काटा खाली आला, विमानाला चालेल इतका. आमची ब्लँकेट गेली. अध्यक्षांनी फोटो काढला. त्यात मी हसतोय.

पुढचं विमान लगेच जाणार होतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तिकडे बर्फ पडला, धावपट्टी बंद झाली. तंबू आमच्या गोदामात, दाराशीच, पडून राहिले. येताजाता दिसायचे. युसुफच्या बहिणीची धाकटी मुलगी निमोनियानं हॉस्पिटलात गेली. वाचली. ती वाचली म्हणून मी हे लिहायला मोकळा झालो, असं नाही. ती आत होती तेव्हाही मी गप्पच होतो. युसुफ फोन कानाला लावून कँटीनच्या बाहेर उभा असायचा आणि मी त्याच्यासाठी चहा घेऊन जायचो. चहा! तो म्हणायचा, "तू नहीं होता तो क्या करता, भाई."

त्याच दिवसांत त्याला तिकडून एक फोटो आला. हॉस्पिटलात जायच्या आधीचा. तीच मुलगी, आमचं निळं ब्लँकेट गुंडाळलेलं, आणि हातात अर्धा खाल्लेला डिंकाचा लाडू. युसुफनं तो मला पाठवला, वर लिहिलं — देखो, आपके लोगों ने मीठा भी भेजा! त्याला त्यात वजन दिसलं नाही. तो स्वतःलाच इतका दोषी मानत होता की माझ्याकडे बघायला त्याला सवड नव्हती. रीम मॅडमना तो फोटो मी दाखवला नाही. मंडळाला दाखवला. टाळ्या झाल्या.

आणि मग मी ते केलं, ज्याबद्दल माझं नाव आहे. मी नवा नियम लिहिला — प्लास्टिक गुंडाळल्यावर पॅलेटचं वजन पुन्हा करायचं, आणि ते ज्याच्या लोकांचा माल नाही अशा माणसानं करायचं. साधा नियम. चांगला नियम. कितीतरी देशांच्या टीम एका हॉलमध्ये जमल्या होत्या, तिथे मी तो उभं राहून मांडला. हेडफोन लावून माणसं आपापल्या भाषेत मला ऐकत होती. वेल्डरचा मुलगा! तो नियम सगळ्यांनी घेतला, आज त्यांच्याकडेही तसंच वजन होतं, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे — हे मी लपवणार नाही, एवढं लपवल्यावर.

पण नियम का हवा, हे पटवायला उदाहरण लागतं ना. मी स्क्रीनवर लिहिलं होतं — एका खेपेत तंबूंचं वजन कमी धरलं गेलं. नाव नव्हतं. आमच्या टीमला नाव लागत नव्हतं. युसुफ दुसऱ्या रांगेत बसला होता. संपल्यावर तो पुढे आला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चलो, मेरी गलती किसी के काम तो आई."

मी त्याला मिठी मारली. सगळ्यांसमोर.

तो अजून तंबूच बघतो. प्रत्येक पॅलेट तो स्वतः दोनदा तोलतो, मग नियमाप्रमाणे दुसरा माणूस तोलतो, आणि मग तो पुन्हा एकदा जाऊन आकडा बघून येतो. नवीन पोरं हसतात त्याला. "चाचा को काटे पे भरोसा नहीं!" काट्यावर नाही, त्याचा स्वतःवरचा भरोसा गेलाय. तो मी काढून घेतला.

गावी गेलो की आई पाहुण्यांना भिंतीपाशी नेते. तिथे दोन फ्रेम आहेत, शेजारी शेजारी. एकीत मी, काळा गाऊन घातलेला, हातात डिग्रीची गुंडाळी. दुसरीत ती मुलगी, लाडू हातात. "आमच्या हातचा आहे हो," आई सांगते, "आणि पोचवला कुणी? यानं." माणसं आधी मुलीकडे बघतात, मग माझ्याकडे. मुलीच्या मागे काय आहे ते कुणी बघत नाही. मागे शाळेचं मैदान आहे. बर्फ पडायला लागलाय. मैदानात काहीही उभं नाही.

युसुफनं वजन खांब-खुंट्यांसकट केलं होतं. त्याचा आकडा बरोबर होता. चुकीचा आकडा माझा होता, आणि काट्यावर ट्रक चढला त्याच्या आदल्या संध्याकाळपासून मला ते माहीत होतं.