किनाऱ्यावर रात्री काय पांघरतात

मार्चअखेरीस डॉक्टरांनी माझ्या पत्नीला सांगितले की यंदाचा मे महिना शक्यतो सोलापुरात काढू नका, दहा-पंधरा दिवस कुठेतरी गार हवेत जा. या सल्ल्यामागे आदल्या वर्षीची घटना होती. मे महिन्यातच दुपारी दीडच्या सुमारास ती नवी पेठेत एका कापडाच्या दुकानासमोर चक्कर येऊन पडली. दुकानातल्या माणसांनी तिला आत नेले, तोंडावर पाणी मारले, रिक्षात बसवून दवाखान्यात पोचवले. तीन दिवस सलाइन चालले. ती तिथे माझ्या कामासाठी गेली होती. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलीला लग्नात द्यायची साडी निवडून ठेवलेली होती आणि ती आणायला मला सवड नव्हती. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. त्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ अशी चौकट होती. ती चौकट मीच केली होती.

गार गाव शोधण्याचे काम त्यामुळे मी स्वतःकडे घेतले.

सोलापुरात गार हवा म्हटले की महाबळेश्वर. ते पहिल्याच दिवशी बाद झाले. घाटातली पहिली दोन वळणे गेली की पत्नीला उलट्या सुरू होतात आणि त्या गाव आले तरी थांबत नाहीत. रेल्वेत तिला काही होत नाही. बस आणि मोटार मात्र चालत नाही. मग कुठे, असे विचारल्यावर ती म्हणाली, समुद्राकडे. तिने समुद्र पाहिलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे तिने चौथी-पाचवीच्या मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढल्या. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे, हे तिला झोपेतही सांगता येईल. शाळेची सहल कोकणात निघाली की ती एसटी स्टँडवर मुले मोजून गाडीत बसवायची आणि घरी यायची.

समुद्र हवा, हवा गार हवी, महिना मे आणि प्रवास रेल्वेचा. माणसे दोन.

यातली शेवटची अट आमच्या घरात सर्वांत नवी होती. आमच्याकडे कारणाशिवाय प्रवास झालेला नाही. लग्न, मयत, दवाखाना, परीक्षा किंवा देव, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय कोणी पिशवी भरत नाही. नवरा-बायको म्हणून आम्ही दोघेच गेलो ते तुळजापूरला, लग्नानंतर, आणि तेव्हाही जीपमध्ये मागे चार नातेवाईक होते. मोहोळजवळ शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला फोनवर सांगितले तेव्हा त्याने आधी कारण विचारले. डॉक्टरांनी सांगितले आहे म्हटल्यावर ते त्याला लगेच पटले. कुठे जाणार ते मात्र पटले नाही.

“समुद्र? काय हाय तितं? पाणीच की. अन् तेबी खारं.”

वहिनींनी मागून फोन घेतला. हवापालटच करायचा तर जेऊरला धाकट्या नणंदेकडे जावा, लिंबाखाली बाज टाकून देतील, असे त्यांचे म्हणणे पडले. जेऊर आणि सोलापूर यांच्या पाऱ्यात एखाद्या अंशाचा फरक असतो, तोही कधी इकडे, कधी तिकडे.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. गेली कित्येक वर्षे राज्यातील प्रमुख शहरांच्या तापमानाचा तक्ता माझ्या हाताखालून जातो. तो काढून मांडला. मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या बरेच वर असते आणि कोकणातली किनाऱ्यावरची गावे त्याच दिवशी दहा अंशांनी खाली असतात. दहा अंश म्हणजे आमच्याकडचा मे आणि आमच्याकडची दिवाळी. मी तक्ता पत्नीसमोर ठेवला आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर केले. तिने आकडे वाचले. मग विचारले, “आणि रात्री काय पांघरतात तिथली माणसं?”

याचे उत्तर तक्त्यात नव्हते. पण प्रश्न गैर नव्हता. चादरी विणणाऱ्या या शहरात थंडी तशीच मोजली जाते. दिवाळीनंतर पातळ चादर, मार्गशीर्षात जाड, संक्रांतीच्या आसपास एकावर एक दोन. एप्रिल-मेमध्ये तीच चादर गच्चीवर अंथरायला जाते आणि पांघरायला काही लागत नाही. कोणी बाहेरगावी बदलून गेला तर घरचे पगार विचारायच्या आत हे विचारतात.

मी कोकणातल्या एका ओळखीच्या वार्ताहराला फोन केला. तो मासळीच्या बातमीच्या गडबडीत होता. प्रश्न ऐकून हसला. “पांघरतो कसला? अंगातला बनियन काढून ठेवतो. पंखा बंद पडला की सगळं घर उठून बसतं. तुमच्याकडून कोणी येणार आहे काय मे महिन्यात? नका येऊ हो.”

तेव्हा तक्त्यातील चूक लक्षात आली. पूर्वी त्या तक्त्यात तापमानाशेजारी आर्द्रतेचा रकाना असे. मी नोकरीला नवा असताना एकदा छोट्या जाहिराती जास्त आल्या आणि जागा कमी पडली. एक रकाना काढायचा होता. मी आर्द्रतेचा काढला. दुसऱ्या दिवशी परत घालायचा होता, तो राहिला. एकाही वाचकाचे पत्र आले नाही. सोलापुरात घाम येतो आणि वाळतो. हवेत पाणी किती आहे याच्याशी इथल्या माणसाला कर्तव्य नसते. सोलापूरकर पारा तेवढा वाचतो आणि कमी आकडा म्हणजे गारवा समजतो. इतकी वर्षे मी त्यांना तेवढेच वाचायला दिले होते, आणि घरच्या कामासाठी तोच तक्ता उघडला होता.

पत्नीला याचे आश्चर्य वाटले नाही, उत्सुकता वाटली. दिवसा वारा समुद्रावरून येतो तर तो गार असायला हवा, मग माणसे का घामेजतात, हे तिने मुलांना कधी शिकवले नव्हते, कारण पुस्तकात तो प्रश्न नव्हता. तिने नातवाचा नकाशासंग्रह घेतला. जगात असे किनारे आहेत, आणि बरेच आहेत, जिथे भर उन्हाळ्यात लोक वाळूवर स्वेटर घालून बसतात. थंड प्रवाह कुठून वाहतात त्याच्या निळ्या रेघांवरून बोट फिरवत तिने ते एकेक काढले. आपल्या देशाच्या दोन्ही बाजूंना मे महिन्यात तशी जागा तिला सापडली नाही. तरीही खात्री करावी म्हणून आम्ही संध्याकाळी नवी पेठेत सहली काढणाऱ्या एका कार्यालयात गेलो. मालक दखनी बोलणारे, वयस्क, टेबलावर सर्व देशांचे छोटे झेंडे. त्यांनी दोन्ही अटी शांतपणे ऐकून घेतल्या.

“समंदर होना तो गोवा,” ते म्हणाले. “ठंड होना तो मनाली. दोनों एक जगा होना बोले तो भाभी, पासपोर्ट होना.”

पासपोर्ट आमच्याकडे नाही. त्यांनी चहा पाजला आणि मनालीचे पत्रक दिले.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मी ओडिशापासून गुजरातपर्यंत फोन लावले. वृत्तपत्राच्या धंद्यात कुठल्याही गावात एक माणूस निघतोच, नाहीतर त्याच्या ओळखीचा निघतो. एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून ठेवायचे. पूर्व किनाऱ्यावरच्या एकाने सांगितले की ओला पंचा पांघरतो. गुजरातच्या टोकावरचा म्हणाला की वारा इतका असतो की पांघरलेले सकाळी शेजाऱ्याच्या कुंपणावर सापडते, पण गार म्हणाल तर नाही. अशी अकरा उत्तरे जमली. माहिती वाढत होती आणि तिकीट काढण्याचा दिवस पुढे जात होता.

मग पत्नीने फोन स्वतःकडे घेतला. तिचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, तिथे घरात कानडी बोलतात. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी तिला कर्नाटकच्या किनाऱ्यावर, होन्नावरजवळच्या एका खेड्यातल्या घराचा नंबर दिला होता. त्या घरातील बाई दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पत्नी त्यांच्याशी वीस मिनिटे बोलली. त्यातला ‘कंबळी’ हा एक शब्द मला कळला, म्हणजे घोंगडी, आणि तो दोनदा आला.

फोन ठेवल्यावर तिने सांगितले ते असे. मे महिन्यात येऊ नका, असे त्या बाई स्पष्ट म्हणाल्या. तेव्हा भिंतींनाही घाम येतो. जूनच्या मध्यानंतर मात्र गार होते आणि रात्री कंबळी लागते. पण तेव्हा कोणी पाहुणे येत नाहीत. होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या असतात. पाण्यात पाय घालू देत नाहीत. वीज जाते, ताजी मासळी मिळत नाही. पडवीत बसून समोर समुद्र बघायचा, एवढेच काम. त्या दिवसांत खोल्या देत नाही, पण यायचे असेल तर या, असे त्या म्हणाल्या.

म्हणजे गार किनारा सापडला होता, पण महिना चुकला होता. जूनच्या मध्यात सोलापूरही उतरलेले असते. मी हे पत्नीला समजावून सांगितले. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मे महिन्यातल्या किनाऱ्याला साफ नाही म्हटले. दमट हवेत घाम वाळत नाही, तिला इथल्यापेक्षा तिथे जास्त त्रास होईल. घरीच राहायचे तर सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर पडायचे नाही, पाणी पीत राहायचे. जूनमध्ये जावे का, या प्रश्नावर ते म्हणाले की जूनमध्ये जायला माझी परवानगी कशाला?

घरी येताना रिक्षात मी म्हणालो की आता जाण्याचे कारणच उरले नाही. पुढच्या वर्षी केरळची नीट चौकशी करू, दरम्यान त्या खेड्यापासून दवाखाना किती लांब आहे, डॉक्टर रात्री असतो का, वीज किती तास जाते, तेही काढून ठेवतो.  घरात गेल्यावर तिने कूलरमध्ये पाणी भरले, तो चालू केला, आणि त्याच्या आवाजावर ऐकू यावे म्हणून जरा मोठ्याने बोलली.

“दवाखाना सहा किलोमीटर आहे. डॉक्टर त्याच गावात राहतात. ते मी पहिल्याच दिवशी विचारलंय. अहो, तुम्ही गार गाव शोधत नाही आहात. मला परत काही झालं तर आपली चूक निघायला नको, ते शोधताय. गेल्या वर्षी पडले ती मी पडले. मला माहीत होतं बाहेर ऊन किती आहे, पेपर मीही वाचते की.”

 विधान अचूक होते.

“मे मी घरात काढते,” ती म्हणाली. “अकरा ते पाच उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही. साड्या तुमच्या तुम्ही आणा. पण जूनमध्ये मला समुद्र बघायचाय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. तिथं देऊळ असेल तरी मला सांगू नका. नुसता बघायचाय.”

देवळाचा उल्लेख उगाच नव्हता. त्या भागात मोठी देवस्थाने आहेत आणि भावाला सांगायला ते कारण सोयीचे होईल, असे मी आदल्या दिवशीच सुचवले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रजेचा अर्ज भरला. नाव, विभाग, दिवस आणि त्याखाली रजेचे कारण. इतकी वर्षे मी तिथे घरगुती, वैद्यकीय किंवा लग्नकार्य लिहीत आलो आहे. पत्नीच्या आजाराचे कागद खिशात होते, ते जोडले असते तर कोणी काही विचारले नसते. मी ‘समुद्र पाहणे’ असे लिहिले. संपादकांनी सही करण्याआधी चष्मा वर सरकवून पाहिले.

“तिकडं काही बातमी आहे का?”

नाही म्हणालो.

“मग?”

पत्नीसोबत जातोय, म्हणालो. त्यांनी सही केली. मी जायला वळल्यावर एवढे मात्र म्हणाले की लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल. मी तेही नाही म्हटले.

भावाला पत्नीनेच फोन केला. तिने कारण दिले नाही, तेव्हा त्याने ते वहिनींकरवी काढायचा प्रयत्न केला. वहिनींनाही मिळाले नाही. सध्या मोहोळमध्ये असा समज आहे की आमचा नातू तिकडे कुठल्या तरी कॉलेजात प्रवेश घेणार आहे. नातू सहावीत आहे.

प्रवासात हुबळी आणि मडगाव अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. हुबळीपर्यंतची आणि तिथून मडगावपर्यंतची तिकिटे पक्की झाली आहेत. मडगावच्या पुढची प्रतीक्षा यादीत नऊ आणि दहावर होती. आज मे महिन्याचा तिसरा आठवडा आहे, बाहेर पारा चव्वेचाळीसवर आहे आणि पत्नी खिडकीला ओला पडदा लावून घरात बसली आहे. सकाळी तिने यादी पाहिली. आम्ही चार आणि पाचवर आलो आहोत. जागा नाही मिळाली तर तो शेवटचा टप्पा साध्या डब्यात उभ्याने करायचा, असे तिने ठरवले आहे आणि मला कळवले आहे.