बेलापूरच्या मळ्यातली दाततपासणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मग मधे मधे मला अडवणार नाही. आयुष्यात मी फजित्या काय कमी करून घेतल्या? पण स्वतःच्याच बघण्याच्या कार्यक्रमाला इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन गेलो आणि संध्याकाळपर्यंत मला त्याचा पत्ताच नव्हता, ही त्यातली सगळ्यात वरची.

साल एकाहत्तर. इंटर सायन्सची परीक्षा संपली होती आणि मला दातांचं डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या पुणतांब्यात तोवर दंतशास्त्र एवढंच, की दात दुखला तर लवंग धरायची आणि पडला तर कौलावर टाकायचा. म्हणून म्हटलं, आपण पहिले. वसतिगृहातल्या एका शहाण्यानं सांगितलं, की मुंबईच्या दातांच्या कॉलेजात मुलाखत घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, अनुभव काय? नुसत्या मार्कांवर कोण कुणाच्या तोंडात हात घालू देईल? मला ते एकदम पटलं. पुढं मी तिथं गेलो तेव्हा त्यांनी मार्क बघितले, सही घेतली आणि पंख्याखाली उभा राहू नको म्हणून सांगितलं. अनुभवाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

पण ते पुढचं. तेव्हा मी अनुभव घ्यायला नगरला गेलो. वडिलांच्या ओळखीतून तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात उभं राहायची परवानगी दिली होती. निघताना मी गोदावरीच्या घाटावर सगळ्या मित्रांना जमवून जाहीर केलं, की आता दातांचा डॉक्टर होण्याचं पक्कं झाल्याशिवाय गावात पाऊल ठेवणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाईट असतात हो. पहिल्याच रविवारी मला घरची इतकी आठवण आली, की उठून गाडी धरावी आणि आईच्या पुढ्यात जाऊन बसावं असं वाटलं. पण घाटावरच्या पोरांना काय तोंड दाखवणार?

तर मी नगरात आणि नगरात मला ओळखणारं कोणी नाही. डॉक्टर माणूस चांगले, पण दिवसभरात तीनच शब्द बोलायचे. धरा, पुसा, पुढचा. खानावळीत सगळे ताटात बघून जेवायचे. मी शेजारच्याला विचारलं, आज आमटी जरा तिखट आहे ना? तर त्यानं वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात पाणी घातलेली आमटी वाढायला लावली आणि पुन्हा खाली मान घातली. खोली दवाखान्याच्या मागे, तिला खिडकी होती, पण खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत.

आणि दवाखान्यात? दिवसभर माणसांची रीघ, सगळ्यांची तोंडं उघडी आणि बोलत कुणीच नाही. अशी गर्दी मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

शेवटी शेवटी मी फळीवरच्या दातांशी बोलायला लागलो. कवळीसाठी प्लॅस्टरचे साचे करून ठेवलेले असत. त्यातला एक जबडा जरा तोऱ्यात होता, त्याला मी मामलेदार म्हणायचो. सकाळी झाडू मारताना मी म्हणायचो, काय मामलेदारसाहेब, झोप झाली का? एकदा डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं, फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, पुसा.

अशात तात्या आले. तात्या म्हणजे नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरकडचे एक बागाईतदार. मिश्रीनं आणि वयानं मिळून सगळे दात घालवलेले होते, आता कवळी करायची होती. कवळीला पुन्हा पुन्हा यावं लागतं. दर खेपेला डॉक्टर त्यांच्या तोंडात गरम मेणाचा साचा बसवायचे, तो दाबून धरायचं काम मला द्यायचे आणि आतल्या खोलीत निघून जायचे. आता सांगा, मी काय करणार? समोर एक माणूस, मन लावून माझ्याकडं बघतोय, उठून जाऊ शकत नाही आणि मधे बोलू शकत नाही. मला तर देवच भेटला.

पहिल्या खेपेला मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. दुसऱ्या खेपेला जमीन किती, विहिरीला पाणी किती, भावंडं किती. पुढं पुढं माझे मामा, माझं पोहणं, मला कारलं आवडत नाही, आईनं दिलेलं लोणचं संपलं तेव्हा मी बरणीला पोळी लावून पुसून खाल्लं, हेही सांगून झालं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते मेण गरम असल्यामुळे यायचं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी मी धीर केला. म्हटलं, तात्या, येत्या रविवारी तुमच्या मळ्यावर येऊ का? जरा घरात बसेन, चार माणसांत जेवेन. नेमके तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी साचा खालून वर दाबला. तात्यांची मान हलली. मी म्हटलं, ठरलं तर मग.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून पेढे घेतले आणि एस.टी.नं बेलापूर गाठलं. खिशात डॉक्टरांनी टाकून दिलेला, दांड्याचा छोटा आरसा होता, तोंडात घालून दाढा बघायचा. म्हटलं, खेड्यावर चाललोच आहोत तर चार जबडे बघून होतील, तेवढाच अनुभव. विचारत विचारत मळ्यावर पोचलो. तात्या घरी नव्हते, राहुरीला कुणाच्या लग्नाला गेले होते. मी दारातूनच सांगितलं, की मी पुणतांब्याचा, नगरच्या दातांच्या डॉक्टरांकडचा. तात्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, आत वळून कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि घरात एकदम भांड्यांचा आवाज सुरू झाला.

आता गंमत अशी, की तोंडात मेण असलं तरी तात्यांचे कान मोकळे होते. माझी सगळी कुळकथा ते दर खेपेला घरी जाऊन सांगायचे. घरात लग्नाची मुलगी. पोरगा शिकलेला, आपल्यातला, जमीनजुमला आणि सोयरे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतोय, मध्यस्थ घालायची गरज नाही. असा पोरगा पेढे घेऊन आपणहून दारात आल्यावर त्या माणसांनी काय समजावं?

बरं, विचारावं तर तीही सोय नाही. आलेल्या माणसाला, का आलात, असं विचारायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आधी गूळपाणी, मग गाव, मग सोयरेधायरे. माणूस आपणहून सांगेल तेव्हा सांगेल. आणि मी कशाला सांगतोय? मला वाटत होतं, मान हलवून आमंत्रण मिळालेलंच आहे.

तात्यांचे थोरले भाऊ आबा येऊन बाजेवर बसले. वस्तीवरची आणखी चार माणसं आली. सगळे माझ्याकडं तोंड करून बसले आणि मला विचारायला लागले. मामाचं गाव कोणतं? भाऊ काय करतो? स्वभाव तापट की शांत? जेवायला काय लागतं? अहो, काय सांगू! इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं आणि इथं एक अख्खी वस्ती माझा स्वभाव विचारत होती. मी सुटलो. आल्यापासून जो बोलत सुटलो, तो पाणी प्यायलासुद्धा थांबत नव्हतो. काय प्रेमळ माणसं, मी मनात म्हणत होतो. आता दर रविवारी इथंच यायचं, म्हणजे उन्हाळा निघून जाईल.

मग मी आरसा काढला. आबांच्या दाढा बघितल्या, शेजारच्यांच्या बघितल्या, कुणाची कीड, कुणाची हिरडी, मोठ्यानं सांगत गेलो. तेवढ्यात आतून एक मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मी बशी घेतली आणि म्हणालो, तुमचेही दात बघू.

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. आबांनी घसा खाकरला.

"आमच्या येळंला म्हातारी मानसं पोरीचे दात बघायची," आबा म्हणाले. "तुमी शिकलेली मानसं बी बघता व्हय?"

"बघावेच लागतात," मी म्हणालो. "दात चांगले असले म्हणजे पुढचं सगळं चांगलं."

आबांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, चालून दाखवायला लावू का? मी म्हटलं, छे, चालण्याचा काही संबंध नाही. मी फार पुढारलेला आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण ते कौतुकानं हसले. मुलीनं तोंड उघडलं. मी आरसा घालून नीट, सावकाश सगळं बघितलं. उत्तम दात होते, तसं मी जमलेल्या मंडळींना सांगितलंही. तिनं तोंड मिटलं आणि हात पुढं केला.

"द्या तो आरसा," ती म्हणाली. "आता तुमचे दाखवा."

काकूंनी आतून तिला दटावलं, पण मी कसला ऐकतोय? मी आ केला. तिनं आरसा घातला आणि म्हणाली, डावीकडची एक दाढ किडलेली हाय. माणसं हसली. मग ती म्हणाली, आता विहिरीपर्यंत चालून दाखवा. मी उठलो आणि विहिरीपर्यंत चालून, वळून, परत आलो. सगळी वस्ती पोट धरून हसत होती. त्या सगळ्यांत मीच जास्त हसत होतो. इतक्या दिवसांत माझ्याबरोबर कुणी हसलं नव्हतं. त्या क्षणी मला बेलापूरच्या कुणी कड्यावरून उडी मार म्हटलं असतं, तर मी कडा कुठं आहे एवढंच विचारलं असतं.

जेवणं झाली. आमरस होता, मी किती वाट्या खाल्ला ते सांगत नाही. ऊन उतरलं तेव्हा आबा म्हणाले, की मग पुढचं काय ते तात्या आल्यावर ठरवू. मी म्हटलं, त्यात ठरवायचं काय, मी दर रविवारी येत जाईन.

काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"दर रविवारी?" त्या म्हणाल्या. "तारीख निघायच्या आदी?"

"कसली तारीख?"

काकूंनी आबांकडं बघितलं, आबांनी आत मुलीकडं. पोहे, पेढे, दात, विहीर, सगळं माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक येऊन बसलं. सकाळपासून पहिल्यांदा मी गप्प झालो. त्यांना वाटलं, पोरगा लाजला. काकूंनी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या, आबा एस.टी.पर्यंत सोडायला आले आणि मी खिडकीतून हात हलवत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी एक कार्ड टाकून खरं काय ते कळवायचं. मीही तेच म्हणत होतो. शिक्षण व्हायचंय, वय काय माझं, लग्न कसलं? पण खोलीत येऊन समोरच्या भिंतीकडं बघत दशमी खायला लागलो आणि माझा धीर सुटला. ते बाजेवरचं बोलणं, काकूंचं आग्रहानं वाढणं, ती हसणारी माणसं. नाही म्हणायचं म्हणजे ते घर गेलंच की. खरं सांगतो, बुधवारपर्यंत माझं ठरलं होतं. होकार द्यायचा. मुंबईचं कॉलेज गेलं उडत. मामलेदारांना मी तसं सांगूनसुद्धा टाकलं.

तात्या कवळी घ्यायला आले. डॉक्टरांनी ती बसवली, चावून बघायला लावलं आणि आत गेले. तात्यांनी आरशात नवे दात बघितले. मी हात पुसून त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. आता त्यांना दात होते, आता ते बोलणार होते.

"पाव्हणं, राग मानू नका," तात्या म्हणाले. "आमच्या मनात लई हुतं. पन पोरगी न्हाई म्हनती."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी विचारलं, किडलेल्या दाढेमुळं का? म्हणाले, नाही. चालण्यामुळं? म्हणाले, चालणं समद्यांना आवडलं, लोक अजून चालून दाखवत्यात. मग काय झालं?

तात्या जरा घुटमळले. नवे दात जपून वापरत म्हणाले, "ती म्हनती, मानूस दिवसभर बोलला. आईचं नाव सांगितलं, गायीचं सांगितलं, पार नगरातल्या एका प्लॅस्टरच्या जबड्याचं बी नाव सांगितलं. पन माझं नाव काय, हे एकदा बी इचारलं न्हाई."

खरंच की हो. मला कुणीतरी विचारावं म्हणून मी तळमळत होतो आणि ज्या पोरीच्या तोंडात आरसा घालून सगळ्या दाढा बघितल्या, तिला मी काहीच विचारलं नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "तात्या, काय हो तिचं नाव?"

तात्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठले.

"आता कशाला?" ते म्हणाले.